मागचे दिवे

"मिस्त्री कुठे आहेत?"

आमच्या दुकानात येणारा प्रत्येक नवा माणूस हे मलाच विचारतो. माझ्या हातात पाना असतो, कानामागे टेस्टर खोचलेला असतो, गालावर हमखास ग्रीस असतं, तरी विचारतो. मी म्हणते, "समोर उभे आहेत." मग तो माझ्या खांद्यावरून मागे डोकावतो. मागे खुर्चीत बसलेले माझे बाबा दिसले की त्याच्या जिवात जीव येतो.

तो मात्र मागे डोकावला नाही. त्यानं माझ्या हातातला पाना पाहिला, गालावरचा डाग पाहिला आणि गाडीची किल्ली पुढे केली.

"मागचे दिवे गेलेत. सगळे."

"सगळे एकदम?"

"एकदम. आधी वाटलं, रुसलेत. दोन दिवस वाट पाहिली."

"दिवे रुसत नाहीत."

"तुमच्याकडे नसतील रुसत..." तो म्हणाला. "तुम्हाला घाबरत असतील."

मी त्याच्याकडे नीट पाहिलं. उंच, जरा पोक काढून चालणारा, दोन्ही हातांच्या बोटांवर बारीक बारीक पांढरे व्रण. दारात निळी पिकअप उभी होती, नुकतीच रंगवलेली. मागच्या हौद्यात तिरकी लाकडी चौकट, तिला जाड गोणपाट गुंडाळलेलं. तेव्हा कळलं, हा काचवाला. खिडक्यांची मापं घ्यायची, काच कापायची, चौकटीला उभी बांधून न्यायची आणि बसवून द्यायची, हा त्याचा धंदा.

"बसा आत," मी म्हटलं.

"दुकानात?"

"गाडीत. मी मागून सांगेन तसं करायचं. जास्त काही करायचं नाही."

मागचे दिवे तपासायचे म्हणजे दोन माणसं लागतात. एक आत, एक मागे. मागचा ओरडतो, आतला दाबतो. एकमेकांची तोंडं दिसत नाहीत, फक्त आवाज. हां, आरशात मात्र डोळे दिसतात, आतल्यानं पाहिलं तर.

"ब्रेक."

"दाबला."

"डावा."

"दिला."

"उजवा."

"दिला. मिस्त्री, तुमचं नाक आरशात फार छान येतं."

"नाकाला वायर नाही. ब्रेक सोडा."

खुर्चीतून बाबा खोकले. माझे बाबा खोकले की त्याचे अर्थ असतात, आणि हा खोकला कामाकडे लक्ष दे असं सांगणारा होता.

बाबांविषयी सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. तीस वर्षं त्यांनी गाड्यांच्या वायरी केल्या. गेल्या वर्षी डोळ्यांनी दगा दिला. ऑपरेशननंतर माणसं ओळखू यायला लागली, पण लाल वायर आणि तपकिरी वायर यांतला फरक काही कळेना. तेव्हापासून हात माझे आणि कान त्यांचे, असं आमचं चाललं होतं. समोरच्या बॅटरीवाल्याचा आमच्या जागेवर डोळा. तो दर आठवड्याला येऊन बाबांच्या खुर्चीशेजारी बसायचा आणि म्हणायचा, "विचार करा. मुलीच्या जातीला हे कुठवर झेपणार?" मी तिथेच उभी असायचे. जणू मी पंखाच.

शेवटी बाबांनी भिंतीवर एक पाटी टांगली. म्हणाले, "एक महिना. तू केलेली गाडी त्याच तक्रारीसाठी परत आली की पाटीवर एक रेघ. तीन रेघा झाल्या तर जागा बॅटरीवाल्याला देऊ, तू दुसरं काही बघ. नाही झाल्या तर दुकानाची किल्ली तुझी."

मी भांडले. "तुमच्या वेळी होती का अशी पाटी?"

"माझं काम टिकलं नाही तर लोक म्हणायचे, पार्ट खराब निघाला. तुझं टिकलं नाही तर म्हणतील, पोरीनं केलंय ना. मी असेपर्यंत मी ऐकेन, पुढे तुला एकटीला ऐकावं लागेल. झेपतंय का ते आत्ताच बघ."

मला हे दुकान हवं होतं. लग्नातल्या दागिन्यासाठी कुणी जीव टाकत असेल तसा मी त्या किल्लीसाठी टाकत होते. पाटी टांगून तिसरा दिवस होता आणि ती कोरी होती, तेव्हा ही निळी पिकअप आली.

"पोरी, एक दाबलं आणि भलतंच पेटलं तर अर्थिंग बघ. काहीच पेटलं नाही तरी अर्थिंग बघ," बाबा खुर्चीतून म्हणाले.

दिव्याला करंट जातो वायरनं, पण परत यायला गाडीचं लोखंडच वापरतो आपण. दिव्यापासून एक काळी वायर निघते आणि गाडीच्या सांगाड्याला बोल्टनं आवळतात, तेच अर्थिंग. ती वायर तुटली की दिवा कितीही चांगला असो, पेटत नाही. नाहीतर करंट परतीला दुसरी वाट शोधतो आणि ब्रेक दाबला की इंडिकेटरच लुकलुकायला लागतात. याच्या पिकअपची काळी वायर सडून तिचा भुगा झाला होता. मी नवीन वायर ओढली, सांगाड्यावर नवीन जागा निवडली आणि पाना घेऊन गाडीखाली आडवी झाले.

"आणि रंग खरवड आधी. लोखंडाला लोखंड लागलं पाहिजे," बाबा म्हणाले.

हे वाक्य मी लहानपणापासून इतक्यांदा ऐकलंय, की आता ते कानावर पडतं पण आत जात नाही.

तो गाडीतून उतरून चाकाशी उकिडवा बसला होता. "तुम्ही आमच्या एका गिऱ्हाईकबाईंसारख्या आहात," म्हणाला.

"म्हणजे कशी?"

"कडक. त्यांना मोठा आरसा हवा होता. बसवला. दुसऱ्या दिवशी फोन, हा आरसा मला जाड दाखवतो, बदला. मी काढून नेला. आठ दिवसांनी दुसरा म्हणून आणला. त्या म्हणाल्या, हा तर आणखी जाड दाखवतो. परत नेला. महिन्यानं पुन्हा आणला. तेव्हा म्हणाल्या, हां, याला म्हणतात आरसा."

"मग? तिसरा चांगल्या कंपनीचा होता?"

"तिन्ही वेळा तोच होता. त्या तेवढ्या महिन्यात रोज चालायला जायला लागल्या होत्या."

मला हसू आलं. गाडीखाली उताणं पडून हसणं सोपं नसतं, धूळ नाकात जाते. हसत हसतच मी बोल्ट आवळला. ब्रेक लागला, डावा लागला, उजवा लागला. तो निघताना आमच्या खिडकीपाशी थांबला. खिडकीची एक काच दोन वर्षांपूर्वी फुटली होती, तिथे आम्ही पुठ्ठा लावला होता.

"हे बघवत नाही," तो म्हणाला.

"मग बघू नका."

"सवय आहे. दिवसभर खिडक्याच बघतो मी." आणि जाता जाता त्यानं हाताची वीत पसरून त्या पुठ्ठ्यावर हळूच टेकवली.

तो गेल्यावर आत्या चहा घेऊन आली. माझी आत्या दुकानामागेच राहते आणि तिला भिंतीपलीकडचं सगळं ऐकू येतं. "कोण होता गं?" तिनं विचारलं.

"गिऱ्हाईक."

"असं होय? गिऱ्हाईक गेल्यावर तू कधी गालावरचा डाग पुसत नाहीस."

* * *

आठवड्यानं तो परत आला.

"कधी कधी ब्रेक दाबला की इंडिकेटर मंद लुकलुकतात," तो म्हणाला. "कधी कधी म्हणजे... कधी कधीच."

मी त्याला आत बसवलं. ब्रेक, डावा, उजवा. सगळं लख्ख. दोनदा, तीनदा, इंजिन चालू करून, बंद करून. माझा चेहरा पडला तसा त्याचाही पडला.

"खरंच होतं हो," तो म्हणाला. "परवा मागून एक स्कूटरवाला येऊन म्हणाला, वळायचंय का थांबायचंय ते एकदा ठरव."

मी दिव्यांचे होल्डर उघडले, पॉलिश पेपरनं घासून साफ केले, गाडी परत दिली. कसनुसा चेहरा करून बाबांनी पाटीवर पहिली रेघ ओढली. तो गेला होता, त्याला ते दिसलं नाही.

त्यानंतर सहाच दिवसांनी पुन्हा निळा रंग दारात. या वेळी स्वारी जरा जास्तच खुशीत होती, शर्ट इस्त्रीचा.

"गेले बघा. सगळे. पहिल्यासारखे."

मी धावत जाऊन फ्यूजचा डबा उघडला, तर मागच्या दिव्यांचा फ्यूज जागेवर नव्हता. जळालेला नव्हता, तुटलेला नव्हता, नव्हताच. आणि शेजारी कप्प्यात, किल्ल्या आणि मापाच्या चिठ्ठ्या ठेवतात तिथे, तो अगदी शहाण्या बाळासारखा पडलेला होता.

मी तो चिमटीत धरून त्याच्यासमोर नाचवला. "हा चालत चालत इथे आला का?"

त्याचे कान लाल झाले. "खरी तक्रार आहे," तो म्हणाला. "पण ती इथे आली की दिसत नाही. तुम्ही बघता आणि म्हणता, काही नाही. म्हटलं, दिसेल असं काहीतरी घेऊन यावं..." मग अगदी खालच्या आवाजात, "आणि सहा दिवस झाले होते."

कशाला सहा दिवस झाले होते ते मला कळलं. न कळायला मी काही दगड नाही. दुसरी एखादी वेळ असती तर मी त्या फ्यूजचं काय केलं असतं कुणास ठाऊक, डबीत जपून ठेवला असता कदाचित. पण मागे बाबांची खडूची डबी वाजली. रेघ ओढल्याचा आवाज आला. दोन.

"ते बघा," मी म्हटलं. "ती पाटी दिसतेय? मी केलेली गाडी परत आली की रेघ पडते. तीन झाल्या की हे दुकान माझं नाही. त्यातल्या दोन्ही तुमच्या आहेत. दोन्ही. तुमची गंमत होते, काचवाले, आणि इथे माझं दुकान जातं."

तो पाटीकडे बघत राहिला. पुढे आला. बाबांना म्हणाला, "काका, ती दुसरी रेघ पुसा. तो फ्यूज मी काढला होता. यांची चूक नाही."

"गाडी आली की रेघ पडते," बाबा म्हणाले. "का आली ते पाटी विचारत नाही."

मग तो माझ्याकडे वळला. "पुन्हा येणार नाही," एवढंच म्हणाला.

आणि तो आला नाही.

* * *

आता गंमत बघा. तो येऊ नये म्हणून मी भांडले, आणि तो येईना म्हणून माझा जीव थाऱ्यावर राहीना. निळं काही रस्त्यावरून गेलं की मान वळायची. एकदा तर निळ्या ताडपत्रीसाठी मी उठून दारापर्यंत गेले. आत्या म्हणाली, "सहा दिवस कधीच उलटून गेले. बारा झाले."

"तू मोजतेस?"

"मी कशाला मोजू? तू जेवताना मोजतेस, मोठ्यानं."

मला त्याचा राग येत होता आणि आठवणही येत होती, दोन्ही एकाच वेळी. रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या मी मनात भांडायचे. शेवटी तो काहीतरी वेडंवाकडं बोलायचा, मी हसायचे, आणि भांडण तिथेच राहून जायचं. मी त्याच्यात गुंतले होते. एकदा हे स्वतःशी कबूल केल्यावर बरं वाटलं, पण करायचं काय ते कळेना. महिना संपायला तीन दिवस होते. दोन रेघा, तीन दिवस. बॅटरीवाला दोनदा येऊन पाटी वाचून गेला होता.

त्या दुपारी मी एका बंद पडलेल्या गाडीचं काम करून स्कूटरवरून परत येत होते. बारीक पाऊस लागला होता, रस्ता चकचकीत झालेला. चौकाच्या अलीकडे पुढची वाहनं हळू झाली. आणि मला दिसलं, सगळ्यांच्या पुढे एक निळी पिकअप, मागे चौकटीला बांधलेल्या सहा-सात मोठ्या काचा, आणि ड्रायव्हरच्या खिडकीतून बाहेर आलेला एक हात. तो हात वर-खाली हलत होता. थांबतोय, थांबतोय, सांभाळा. बाही कोपरापर्यंत भिजून चिकटली होती.

मागचा एकही दिवा पेटलेला नव्हता.

गाडी वळली तेव्हाही तसंच, हात आडवा बाहेर. मागचा टेम्पो अगदी काचांच्या जवळ येऊन थांबला. हा माणूस माझ्या पाटीवर तिसरी रेघ पडू नये म्हणून काचा भरलेली गाडी हातवारे करत चालवत होता. किती दिवस? बारा दिवस?

मी स्कूटर पुढे घातली, आडवी लावली आणि त्याच्या खिडकीवर टकटक केली.

"वेड लागलंय तुम्हाला?"

"मिस्त्री... तुम्ही भिजताय."

"विषय बदलू नका. दिवे कधीपासून गेलेत?"

"रिकामी असली की लागतात," तो म्हणाला. "माल भरला की जातात. हे मला परवा कळलं. तुमच्याकडे मी नेहमी रिकामी घेऊन यायचो."

"मग दुसऱ्या कुणाकडे का नाही नेली?"

त्यानं ओल्या बाहीनं तोंड पुसलं. "दुसऱ्याकडे नेली तर तो म्हणणार, हे आधी कुणी केलंय. आणि मला तुमचं नाव सांगावं लागणार. ते मला नको होतं."

मी म्हटलं, "गाडी कडेला घ्या. बसा आत. ब्रेक."

"दाबला."

काही नाही. मी बॅटरीच्या मायनसपासून एक लांब वायर ओढून दिव्याच्या काळ्या वायरला टेकवली. दिवे लख्ख. म्हणजे अर्थिंगच. म्हणजे मी घेतलेलं अर्थिंग. मी ओल्या रस्त्यावर आडवी झाले आणि गाडीखाली सरकले. काचांच्या वजनानं सांगाडा दबला होता, वायर ताणली गेली होती. बोल्ट सैल केला, वायरचं टोक बाजूला केलं आणि बघितलं.

खाली निळा रंग होता. नवा, गुळगुळीत, एक ओरखडा नसलेला. मी रंगावरच वायर आवळली होती. बोल्टच्या आट्यांमधून जेमतेम लोखंड लागत होतं तोवर दिवे चालले. वजन आलं की तेही सुटत होतं.

रंग खरवड आधी. तीस वर्षं जुनं वाक्य. शिकाऊ पोरंसुद्धा ही चूक करत नाहीत. मी केली होती, कारण त्या वेळी मी एका आरशाच्या गोष्टीवर हसत होते.

"काय झालंय?" त्यानं वाकून विचारलं.

"माझी चूक आहे," मी गाडीखालून म्हणाले. "तुम्ही खोटं बोलत नव्हता. पहिल्यापासून माझीच चूक आहे."

तो आणखी खाली वाकला. मग हळूच म्हणाला, "तीन दिवस राहिलेत ना महिन्याचे? इथेच करून टाका. गाडी तुमच्या दुकानात आलीच नाही. मी कुणाला सांगणार नाही, काचेवर हात ठेवून सांगतो."

मी कानस काढली आणि रंग खरवडायला लागले. निळे कपचे पावसात वाहून जात होते. त्याचं म्हणणं बरोबर होतं. पाच मिनिटांचं काम, कुणी पाहिलं नव्हतं, तीन दिवसांनी किल्ली माझ्या हातात. खोटं कशाला सांगू, मला मोह झाला. चांगला दणदणीत मोह झाला. लोखंड चकचकीत दिसेपर्यंत मी घासत होते आणि तोवर मनात हो, नाही, हो, नाही चालूच होतं.

"ब्रेक," मी म्हटलं.

"दाबला."

सहा-सात काचांमधून तो लाल उजेड एकदम आरपार गेला. ओल्या रस्त्यावरही उतरला.

"जा आता," मी म्हटलं. "आणि हात आत घ्या."

* * *

दुकानात येऊन मी कपडेही बदलले नाहीत. सरळ भिंतीपाशी गेले आणि खडू उचलला.

बाबांनी मान वर केली. खडूचा आवाज त्यांना ओळखू येतो. "कोण आलंय परत?"

"कुणी नाही. निळी पिकअप मला रस्त्यात भेटली." मी तिसरी रेघ ओढली. रेघ जरा वाकडी आली. "मी रंगावरच अर्थिंग आवळलं होतं बाबा. त्यामुळे पहिली रेघही खरी, तिसरीही खरी. दिवे नसलेली गाडी काचा घेऊन बारा दिवस फिरत होती. काही झालं असतं तर..." मी खडू खाली ठेवला.

आतून आत्या दारात येऊन उभी राहिली. तिच्या हातात कपबशी होती, पण ती पुढे आली नाही.

"रंग का नाही खरवडलास?" बाबांनी विचारलं.

"लक्ष नव्हतं."

"कुठे होतं?"

मी खाली बघितलं.

"मी सांगू का?" आत्या म्हणाली.

"तू गप गं," बाबा म्हणाले. मग बराच वेळ ते खुर्चीच्या हातावर बोटं वाजवत राहिले. "तुझी आई पहिल्यांदा दुकानात आली ना, तिच्या भावाची गाडी घेऊन," ते म्हणाले, "तेव्हा मी बॅटरी उलटी जोडली होती. प्लसची वायर मायनसला. सगळी वायरिंग धूर. तुझ्या मामाला सांगितलं, बॅटरीच खराब होती. आजवर त्याला खरं सांगितलेलं नाही."

आत्या पदर तोंडाला लावून हसायला लागली. मी रडतही होते आणि मलाही हसू येत होतं.

बाबा उठले. भिंतीला हात लावत पाटीपाशी आले, चाचपून ती खिळ्यावरून काढली आणि माझ्या हातात दिली. "बॅटरीवाल्याला सांग, जागा रिकामी नाही. आणि पाटी राहू दे दुकानात. तुझी तुलाच लागेल." मग खिशातून किल्ली काढून पाटीवर ठेवली. "जा, कपडे बदल. पडसं होईल."

* * *

महिन्याच्या शेवटच्या दिवशी, सकाळी, निळी पिकअप दारात उभी राहिली.

मी पाना खाली ठेवला. "काय होतंय?"

"काही नाही होत," तो म्हणाला.

"मग?"

"तेच सांगायला आलो. रिकामी असो, भरलेली असो, काही होत नाही. तीन दिवस झाले." त्यानं हौद्यातून गोणपाटात गुंडाळलेली एक छोटी काच काढली. "आणि हा पुठ्ठा मला झोपू देत नव्हता."

"माप कधी घेतलंत?"

"पहिल्याच दिवशी. वितीनं."

"वितीनं? बसली नाही तर?"

"एक सूत कमी कापलीय. काच चौकटीत अगदी घट्ट बसवली की तडकते. थोडी जागा ठेवावी लागते तिला." तो पुठ्ठा काढत बोलत होता, माझ्याकडे न बघता. "तुम्हालाही मी जागा ठेवायला हवी होती. फ्यूज काढून यायला नको होतं. सरळ यायला हवं होतं."

काच बसली. दोन वर्षांनी माझ्या कामाच्या टेबलावर ऊन आलं आणि तिथे किती धूळ आहे ते पहिल्यांदा दिसलं. मला काहीतरी बोलायचं होतं. पण तो असा समोर, दोन हातांच्या अंतरावर उभा, आणि मागे बाबा आणि भिंतीपलीकडे आत्या. माझी जीभ, जी एरवी कात्रीसारखी चालते, ती टाळूला चिकटली.

"बसा आत," मी म्हटलं.

"दुकानात?"

"गाडीत. एकदा तपासून घेऊ."

"पण काही होतच नाही..."

"मिस्त्री कोण आहे?"

तो निमूट जाऊन बसला. मी मागे गेले. मागे कसं बरं असतं, तोंड दिसत नाही.

"डावा."

"दिला."

"उजवा."

"दिला."

"ब्रेक."

"दाबला."

सगळं लख्ख होतं. मी हौद्याच्या फळीवर हात ठेवला. फळी गार होती आणि माझा तळवा गरम. "आणि यापुढे," मी म्हणाले, "फ्यूज काढायचा नाही, बिघाड शोधायचा नाही. नुसतं यायचं. रोज आलात तरी चालेल. कारण मला... तुम्ही आवडता. खूप आवडता."

आरशात दोन डोळे दिसले, मोठे झालेले. मग पिकअपचे मागचे सगळे दिवे एकदम पेटले. ब्रेक, डावा, उजवा, रिव्हर्सचा पांढरासुद्धा. हातात सापडेल ते त्यानं दाबलं असावं, आणि कुठल्या तरी कोपरानं हॉर्नही.

"पोरी," बाबा खुर्चीतून ओरडले, "काय झालं? अर्थिंग गेलं का पुन्हा?"

"नाही बाबा," मी म्हटलं. "रंग मी खरवडलाय. सगळं व्यवस्थित चालू आहे."